एक शब्दयोगी अव्यय

१९९९च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मेसमध्ये वाढप्यानं ताटात पोळी टाकली आणि मी तिच्याकडं बघत राहिलो. एका कडेला करपलेली, मधोमध तेलाचा डाग असलेली साधी पोळी. पण ती ओळखीची राहिली नव्हती. ‘पोळी’ असं मनात म्हणून बघितलं, तर तो शब्दही नुसता आवाज झालेला. मग हाताकडं नजर गेली. हात घास मोडत होता, पण मोडणारा मी नव्हतो. मी कुठंतरी दोन फूट मागं बसून ते बघत होतो. समोरचा म्हणाला, “वरण घे की.” माझ्या तोंडातून “घेतो” निघालं, ते मला शेजारच्या खोलीतून आल्यासारखं ऐकू आलं.

ताट तसंच ठेवून बाहेर पडलो. लक्ष्मी रोडला नेहमीची गर्दी होती, आणि ती सगळी पुठ्ठ्यातून कापून उभी केल्यासारखी दिसत होती. वीस वर्षांचा होतो. त्या रात्री खोलीतले तिघं झोपल्यावर मी भिंतीकडं तोंड करून एकच गोष्ट घोकत होतो: मी वेडा होतोय.

याच्या आधीचा दीड महिना मी काय करत होतो तेही सांगायला हवं. अप्पा बळवंत चौकातून एक पातळसं पुस्तक आणलं होतं, मन एकाग्र करण्याचं. त्यात त्राटक होतं. मेणबत्ती लावायची, पापणी न हलवता ज्योतीकडं बघायचं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हठयोगातली ही जुनी क्रिया, षट्कर्मांपैकी एक. तिथं ती आहारविहाराच्या शिस्तीत आणि गुरूच्या नजरेखाली करायची असते. माझ्याकडं गुरू नव्हता, परीक्षा होती. रात्री एक ते दोन त्राटक, मग अभ्यास, पाचला चहा. झोप तीन-साडेतीन तास. एकाग्रता वाढली का? वाढली असावी, कारण शेवटी पोळीवर इतकी एकाग्र झाली की पोळीच नाहीशी झाली. (हा विनोद मला जमायला सात-आठ वर्षं लागली.)

तीन आठवडे कसेबसे काढले आणि एसटीनं घरी गेलो. आमचं गाव विट्याजवळ. आईनं तोंड बघूनच मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या नाहीत म्हणजे दृष्ट मोठी आहे असं तिचं मत पडलं. आज्जी म्हणाली, “वारं लागलंय पोराला, येशीवरनं आलाय तिन्हीसांजंचा.” शेजारच्या काकींनी एक देवस्थान सुचवलं, जिथं पाच अमावस्या वाऱ्या केल्या की उतार पडतो. त्यांच्या या बोलण्यावर आज मी हसत नाही. त्या सगळ्यांच्या म्हणण्याचा अर्थ एवढाच होता की पोरगं चांगलं आहे आणि त्याला बाहेरून काहीतरी झालंय. माझ्या मनातलं वाक्य याहून फार क्रूर होतं.

भीती वाटली ती अण्णांच्या बोलण्याची. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, निवृत्त तलाठी, रोज पहाटे योगवासिष्ठ वाचणारे. मी त्यांना सगळं सांगितलं. ते गप्प ऐकत राहिले आणि मग त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, “वेडा होत नाहीस. भाग्य आहे तुझं. जग खोटं आहे हे कळायला आमचं आयुष्य गेलं, तुला विसाव्या वर्षी दिसलं. हाच साक्षी. हेच वैराग्य.”

त्यांच्या बोलण्याला आधार होता. योगवासिष्ठाची सुरुवातच एका तरुण मुलाच्या अशा बिघडण्यानं होते. सोळावं वर्षही न लागलेला राम तीर्थयात्रा करून परततो आणि हळूहळू त्याचं सगळ्यातलं मन उडतं. धड जेवत नाही, कपड्यांकडं लक्ष नाही, एकटा बसतो. सेवक येऊन दशरथाला सांगतात, बाप काळजीत पडतो. राम सभेत येऊन जगाच्या पोकळपणाबद्दल बोलतो तेव्हा विश्वामित्र आणि वसिष्ठ घाबरत नाहीत. त्यांना ती योग्यता वाटते.

अण्णांनी मला रामाच्या जागी बसवलं. त्या रात्री माझी भीती दुप्पट झाली. कारण आता बरं व्हायची वाटच बंद झाली होती. रोग असता तर औषध मागितलं असतं. ज्ञानावर औषध कसं मागायचं? आणि हेच जर ज्ञान असेल, तर साधुसंत आयुष्यभर जे मिळावं म्हणून धडपडले ते इतकं भयाण, इतकं फिकं, इतकं एकटं होतं?

हा प्रश्न पुढं पंचवीस वर्षं माझ्याबरोबर राहिला. उत्तराचा पहिला तुकडा मात्र मला सांगलीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून मिळाला, आणि ते ना वेदान्ताचे ना व्याकरणाचे. मामा मला बळंच घेऊन गेले होते. डॉक्टरांनी आधी झोप विचारली, मग जेवण, मग गांजा-भांग. घरात कुणाला असं काही झालं होतं का? कानात कुणी बोलतं का? लोक माझ्याविषयी काही ठरवून करतायत असं वाटतं का? मरून जावंसं वाटतं का? हे शेवटचं त्यांनी “चहा घेणार का” अशा सुरात विचारलं, म्हणून मला खरं उत्तर देता आलं. मी बोलत होतो तेव्हा ते कागदावर रेघा मारत होते. मला वाटलं कंटाळलेत. शेवटी रेघा मोजून म्हणाले, “अकरा वेळा ‘सारखं’ म्हणालास. काचेतून बघितल्यासारखं. दुसऱ्याचा हात असल्यासारखं. स्वप्नात असल्यासारखं. हे ‘सारखं’ सांभाळ. ते आहे तोवर आपण फार घाबरायचं नाही. एखाद्या दिवशी ते गळालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता ये.”

त्यांनी याला नावही सांगितलं. डीपर्सनलायझेशन, आणि जगच परकं वाटतं त्याला डीरियलायझेशन. पुढं वाचताना कळलं की हा शब्द वैद्यकात आला तोच मुळी एका तत्त्वज्ञाच्या रोजनिशीतून. स्वित्झर्लंडचा आमिएल स्वतःविषयी लिहिता लिहिता स्वतःपासून सुटत गेला. त्याच्या रोजनिशीतला शब्द उचलून द्युगा या फ्रेंच अभ्यासकानं १८९८मध्ये या अवस्थेला लावला. अपुरी झोप, भीती, गांजा, मोठा धक्का, अतिताण यांतून ती येते, पुष्कळ तरुणांना थोडा वेळ येऊन जाते, आणि काहींच्यात मुक्काम करते. माझ्यात चार महिने होती. उपचार म्हणाल तर त्राटक बंद, आठ तास झोप, वेळेवर जेवण, सुरुवातीला थोडे दिवस झोपेची गोळी, दर पंधरवड्याला भेट. आणि एक सक्त ताकीद: “गेलं का, गेलं का म्हणून दिवसातून पन्नासदा तपासायचं नाही. खपली सारखी उचलून बघितली तर जखम भरत नाही.”

मी पुढं मराठीचा शिक्षक झालो. ‘सारखं’ हे आम्ही शब्दयोगी अव्ययांत शिकवतो. ते लिंगवचनाप्रमाणं बदलतं, म्हणजे नावाला जागत नाही, तरी तिथंच बसवतो. एका वर्षी अलंकार शिकवताना खडू हातातच राहिला. उपमेय हे जणू उपमानच आहे, ही उत्प्रेक्षा. हे उपमेय की उपमान असा निर्णय होत नाही, तो ससंदेह. आणि एकाच्या जागी दुसरंच आहे असा भ्रम होऊन माणूस तशी कृतीही करून बसतो, तो भ्रांतिमान. दोरीला साप समजून काठी उगारली की भ्रांतिमान. परीक्षेत दोन गुणांना येतात हे अलंकार आणि पोरं त्यांत नेहमी गोंधळ करतात. मी फळ्यासमोर उभा राहून विचार करत होतो की मी चार महिने उत्प्रेक्षेत होतो, आणि माझ्या खोलीतला दुसरा एक जण तिथून पुढं गेला.

त्याचं नाव-गाव सांगत नाही. स्पर्धा परीक्षा देत होता, आमच्यात सगळ्यांत शांत. माझ्यानंतर साधारण वर्षभरानं एकदा रात्री त्यानं मला उठवून विचारलं, “पेपरातल्या मथळ्यांत माझ्यासाठी काही असतं का रे, का मला उगीच वाटतंय?” मी म्हटलं, उगीच वाटतंय, झोप. मला आज त्या उत्तराची लाज वाटते. तो ससंदेहात होता. ‘का मला उगीच वाटतंय’ हा वाक्याचा उरलेला अर्धा भाग त्यानं माझ्या हातात दिला होता. दोन-तीन महिन्यांनी तो अर्धा भाग संपला. मग तो मेसला येईनासा झाला, कारण जेवणात काहीतरी घालतात. एके दिवशी त्यानं खोलीतला रेडिओ जिन्यावरून खाली टाकला. कृती घडली. घरचे घेऊन गेले आणि दीड वर्ष देवस्थानं फिरले. डॉक्टर त्यानंतर. आज तो मोटर रिवायंडिंगचं दुकान चालवतो, रोज रात्री गोळी घेतो आणि माझ्यापेक्षा चांगला हिशेब ठेवतो. पण ती दीड वर्षं कुणी परत आणून देत नाही. हे आजार विशीच्या आगेमागेच बहुधा डोकं वर काढतात आणि उपचार जितके लवकर तितका माणूस जास्त हाती लागतो, हे तेव्हा आमच्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हणूनच ‘वेडा माणूस कधी मी वेडा होतोय का असं विचारत नाही, तू विचारतोयस म्हणजे ठीक आहेस’ हा जो दिलासा सर्रास दिला जातो तो मला पटत नाही. माझ्या मित्रानं विचारलं होतं.

आता अण्णांच्या प्रश्नाकडं. जग खोटं वाटणं आणि जग मिथ्या आहे हे कळणं, यांत फरक आहे की नाही?

मी पुढं शांकरभाष्य वाचलं, थोडं अडखळत, थोडं मराठी विवरणांच्या आधारानं. मायावादाच्या या आचार्यांकडून मला अण्णांच्या बाजूचा निकाल अपेक्षित होता. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात विज्ञानवादी बौद्धांशी वाद चाललाय. ते म्हणतात, बाहेर वस्तू नाहीत, जागेपणी दिसतं तेही स्वप्नासारखंच. आणि आचार्य चक्क रागावतात. स्वप्नातली वस्तू जाग आल्यावर बाधित होते. जागेपणी दिसलेला खांब कोणत्या अवस्थेत बाधित होतो? बाहेरचं जग अनुभवत असताना ते नाही म्हणणाऱ्याला ते अशा माणसाची उपमा देतात की जो जेवतोय, ज्याचं पोट भरतंय, आणि जो म्हणतोय की मी जेवत नाही, माझं पोट भरत नाही. मेसमधलं माझं ताट बाराशे वर्षांपूर्वीच्या भाष्यात वाढलेलं बघून मी पुस्तक मिटून बाहेर अंगणात गेलो.

गौडपादांच्या कारिकांत स्वप्न आणि जागृती एका पंगतीला बसतात, हेही खरं आहे. अद्वैताची ती दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. पण नंतरच्या वेदान्त्यांनी सत्तेच्या तीन पायऱ्या नीट लावून ठेवल्या: पारमार्थिक, व्यावहारिक, प्रातिभासिक. व्यवहारातलं जग मिथ्या ठरतं ते वरच्या पायरीवरून. खाली घसरून नव्हे. माझ्या बाबतीत वरचं काही दिसलं नव्हतं. फक्त पायाखालची पायरी गेली होती. शिवाय वेदान्तात जग फिकं होतं तेव्हा ‘मी’ गडद होतो, ब्रह्माएवढा होतो. माझा ‘मी’ तर जगाच्या आधीच गेला होता. अण्णांनी ज्याला साक्षी म्हटलं, तो माझा दोन फूट मागचा बघ्या घामानं भिजलेला होता. साक्षीला घाम येत नाही.

योगसूत्रांतही पतंजलींनी चित्ताच्या विक्षेपांची यादी दिलीय. नऊ अंतराय, आणि त्यांत व्याधी, संशय यांच्याबरोबर भ्रांतिदर्शन. त्यांच्या सोबत्यांत अंग कापणं आणि श्वास बिघडणंही आहे. म्हणजे साधनेच्या वाटेवर असं काही होतं, आणि ते झालं म्हणजे पोचलो असं नाही, हे जुन्या लोकांना पक्कं माहीत होतं. पुस्तक छापणाऱ्यानं तेवढं पान गाळलं होतं.

इतकं झाल्यावर मी निश्चिंत व्हायला हवं होतं. पण एक उदाहरण माझं सगळं मांडलेलं मोडत होतं. १८९६ सालचा जुलै. मदुराईत चुलत्याच्या घरी माडीवर सोळा वर्षांचा वेंकटरमण एकटा बसलाय, तब्येत ठणठणीत, आणि अचानक त्याला मरणाची भीती घेरते. तो आडवा होतो, हातपाय ताठ करतो, ओठ मिटतो, आणि मेल्यावर काय उरतं ते बघतो. त्यानंतर त्याचं अभ्यासात, खेळात, जेवणात लक्ष लागेना. मोठा भाऊ टोमणे मारू लागला. सहा आठवड्यांनी तो घर सोडून तिरुवण्णामलैला गेला आणि पुढं रमण महर्षी झाला. भीती तीच, वय जवळपास तेच, घरच्यांची तक्रारही तीच. मग मी आणि तो यांत काय वेगळं? आजच्या एखाद्या डॉक्टरला तो मुलगा नेऊन दाखवला असता तर?

या प्रश्नाचं झटपट उत्तर देणाऱ्या दोन्ही पक्षांचा मला राग येतो. सगळे संत मुळात रुग्ण होते म्हणणारे, आणि सगळे रुग्ण मुळात संत आहेत म्हणणारे. दुसरे जास्त घातक, कारण ते प्रेमानं बोलतात.

मी मात्र त्या चरित्रातल्या एका लहानशा जागेपाशी अडकून बसलो. निघताना वेंकटरमणाकडं भावाच्या कॉलेजच्या फीचे पाच रुपये होते. गाडीभाड्याला लागतील म्हणून त्यानं तीन घेतले, दोन ठेवले, आणि चिठ्ठीत लिहिलं की तुझी फी अजून भरलेली नाही, सोबत दोन रुपये आहेत. चिठ्ठीखाली सहीच्या जागी नुसती रेघ. ‘मी’ गेलेला आहे. भावाची फी गेलेली नाही. सही करायला कुणी उरलं नाही, पण हिशेब चोख. मला त्या रेघेपेक्षा ते दोन रुपये मोठे वाटतात. मापदंड म्हणून हे सांगत नाही, दोन रुपये परत ठेवणारा माणूसही आजारी असू शकतो. पण माझ्या त्या चार महिन्यांत मला दुसरं कुणी दिसतच नव्हतं. आईच्या तोंडाकडं बघताना मी माझीच अवस्था तपासत होतो.

आणि पुढचंही बघा. तिरुवण्णामलैच्या पाताळलिंगाच्या भुयारात तो बसून राहिला तेव्हा किड्यांनी त्याच्या मांड्या फोडल्या, आणि इतरांनी त्याला उचलून बाहेर काढलं, घास भरवला. योगवासिष्ठातही, अण्णांनी मला न सांगितलेली गोष्ट ही की हजारो श्लोक चाललेली ती सभा रोज संध्याकाळी स्नानसंध्येसाठी उठते. जग नाही हे सिद्ध होता होता सूर्य मावळतो, आणि वसिष्ठांसकट सगळे आंघोळीला जातात. रामाला कुणी एकटं सोडत नाही. आमच्याकडं तर गोरोबाकाकांची थापटणीच आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापटणं मारलं आणि नामदेवाचं मडकं कच्चं ठरलं. नामदेव रुसले, विठ्ठलाकडं तक्रार घेऊन गेले. पण मडक्याला स्वतःवर टिचकी मारून आवाज ऐकता येत नाही, ही त्या कथेतली साधी कुंभारकी मला फार उशिरा कळली. मी तर पन्नासदा मारत होतो.

आता दरवर्षी एक-दोन पोरं येतात. तास संपल्यावर रेंगाळतात, वही उगीच पुढंमागं करतात. परवा बारावीतली एक मुलगी म्हणाली, “सर, मला आरशात मीच दिसते, पण ओळख झाल्यासारखी वाटत नाही.” रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर लक्षणं शोधून तिनं स्वतःला चार आजार लावून घेतले होते. मी तिला वेदान्त सांगितला नाही आणि अलंकारही नाही. झोप विचारली. घरी काही झालंय का विचारलं. मरावंसं वाटतं का, हे चहाच्या सुरात विचारायला मला अजून जमत नाही, तरी विचारलं. मग तिच्या आईला बोलावून घेतलं, १४४१६ हा टेली-मानसचा फुकट नंबर लिहून दिला, जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांची वेळ घेतली. जाताना तिनं विचारलं, “म्हणजे हे देवाचं वगैरे काही नाही ना?” मी म्हटलं, ते नंतर बघू, आधी जेव.

अण्णा २०११ला गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. मला ते तलाठी कार्यालयातला शिपाई समजायचे आणि सातबारा आणायला पाठवायचे. मी “आणतो साहेब” म्हणून ओट्यावर दोन मिनिटं उभा राहून परत आत जायचो. भ्रांतिमान. जग खोटं आहे असं ते त्या दिवसांत एकदाही म्हणाले नाहीत.

माझं ते अजून कधीकधी येतं. मागच्या मे महिन्यात विट्याच्या स्टँडवर आलं. ऊन, दोन रात्रींचं जागरण, लग्नघरातून निघालेलो. एकाएकी फलाट, गाड्या, पाण्याच्या बाटल्या विकणारं पोरगं, सगळं चित्रासारखं लांब गेलं. गाडीत बसलो. कंडक्टर आला. त्याचा हात, हातातलं मशीन, तेही लांब. “सुट्टे द्या, सर.” मी पाकीट काढलं, खिशातली नाणी तळहातावर घेतली. ती कुणा दुसऱ्याच्या तळहातावर असल्यासारखी दिसत होती. मोजली. एक रुपया कमी होता. तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, “राहू द्या,” आणि पुढच्या बाकाकडं सरकला. मी शेजारच्या आजोबांकडून रुपया मागून घेतला आणि कंडक्टर परत येईपर्यंत मुठीत धरून बसलो.